बूट चोवीस तास, पण खूर चोवीस तास बंद नको

प्रश्न : आमची घोडी मारवाडी, वय ११ वर्षं, वजन ३८० किलोच्या आसपास. मार्चअखेर तिला पुढच्या दोन्ही पायांना लॅमिनायटिस, म्हणजे खुराच्या आत दुखरी सूज, झाला. डॉक्टरांनी नाल काढून टाकायला सांगितले आणि आत जाड गादी असलेले बूट चोवीस तास ठेवायला सांगितले. बूट घालताच ती पाय नीट टाकायला लागली, म्हणून आम्ही ते फक्त आठवड्यातून एकदा, धुताना काढत होतो. आता पावसात बुटातून घाण वास येतो. डाव्या पायाच्या टाचेवरचे केस जाऊन कातडी लाल झाली आहे. उजवा बूट चालताना बाहेरच्या बाजूला फिरतो. नालबंद म्हणतात, बूट फेका आणि पुन्हा नाल ठोका. मोतद्दार (घोडीची निगा राखणारा) म्हणतो, मोरचूद भरा. नक्की काय करायचं? – एक वाचक, इंदापूर तालुका

उत्तर : बूट फेकू नका, नाल एवढ्यात ठोकू नका आणि मोरचुदाला हातही लावू नका. तुमचे बूट काम करत आहेत, घोडी चालते आहे हाच त्याचा पुरावा. बिघडलंय ते एवढंच, की ‘चोवीस तास’ याचा अर्थ ‘काढायचेच नाहीत’ असा घेतला गेला. डॉक्टरांना म्हणायचं असतं ते हे, की घोडीने कडक जमिनीवर आधाराशिवाय एक पाऊलही टाकू नये. खूर मात्र रोज उघडा व्हायला हवा, रोज कोरडा व्हायला हवा, आणि रोज कुणीतरी तो उचलून नीट बघायला हवा.

नालबंदांचं म्हणणं अनुभवाचं आहे, पण ते निरोगी खुराला लागू पडतं. नाल लागला की घोड्याचा बहुतेक भार खुराच्या बाहेरच्या भिंतीवर येतो. लॅमिनायटिसमध्ये दुखावलेली असते ती नेमकी या भिंतीला आतल्या हाडाशी धरून ठेवणारी पकड. म्हणजे जी पकड सैल झाली आहे, तिलाच सगळं वजन टांगायचं, वर हातोड्याचे ठोके. बुटातली गादी हाच भार तळव्यावर आणि फ्रॉगवर, म्हणजे तळाच्या मधोमध असलेल्या रबरासारख्या त्रिकोणी भागावर, वाटून देते. म्हणून आराम पडतो. पुढे कधीतरी नाल किंवा चिकटवायचे नाल लावायचे का, हे एक्स-रे बघून डॉक्टर आणि नालबंद मिळून ठरवतील. आजचा प्रश्न तो नाही.

आज आधी टाचेचं आणि वासाचं बघू.

बूट काढण्यापूर्वी घोडीला उभं करायला मऊ जागा तयार करा. वाळूची किंवा भुशाची जाड थर असलेली जागा उत्तम. ती नसेल तर दोन जाड रबरी मॅट एकावर एक टाका. एका वेळी एकच बूट काढा. एक पाय उचलला की दुसऱ्या पायावर दुप्पट भार येतो, त्यामुळे अशा घोडीचा पाय दोन-तीन मिनिटांच्या वर धरून ठेवू नका. ती पाय ओढायला लागली तर तो हट्ट नसून वेदना असते. खाली ठेवू द्या, पुन्हा उचला.

लाल झालेली टाच मिठाच्या पाण्याने धुवा: एक लिटर उकळून गार केलेलं पाणी आणि त्यात ९ ग्रॅम मीठ, म्हणजे साधारण दीड सपाट चहाचा चमचा. स्वच्छ कापडाने टिपून कोरडं करा, चोळू नका. त्यावर पोव्हिडोन आयोडीनचं ५ टक्क्यांचं मलम अगदी पातळ लावा. जखम ओली असेल तर आजूबाजूच्या कातडीवर माश्या दूर ठेवणारं, जनावरांसाठीचं मलम लावा. पावसाळ्यात उघड्या घासलेल्या जागी दोन-तीन दिवसांत अळ्या पडू शकतात, आणि टाचेच्या खोबणीत त्या लवकर दिसत नाहीत. धनुर्वाताची लस कधी दिली होती ते आजच तपासा. घोडा या आजाराला फार नाजूक असतो. वर्ष उलटलं असेल किंवा नोंदच नसेल तर डॉक्टरांना सांगून घ्या.

कातडी बंद होईपर्यंत त्या पायात तो बूट घालू नका. मग आधार कशाचा? घरी करता येईल असा फोमचा पट्टा बांधा. मुलांच्या खोलीत टाकतात ती कोड्यासारखी जोडायची ईव्हीए फोमची चटई घ्या, जाडी २० ते २५ मिलिमीटर. खूर त्यावर ठेवून पेनाने कड आखा आणि तेवढा तुकडा कापा. डक्ट टेपच्या पट्ट्या एकमेकींवर थोड्या चढवून साधारण २५ बाय २५ सेंटिमीटरचा चौकोन आधीच तयार करून भिंतीला चिकटवून ठेवा, म्हणजे पाय हातात असताना टेप सोडवत बसावं लागत नाही. फोम तळव्याला लावा, चौकोन खालून वर दुमडा आणि खुराच्या भिंतीभोवती टेपचे तीन-चार वेढे द्या. टेप भिंतीवरच राहिली पाहिजे. जिथे खूर संपून केस सुरू होतात त्या कडेवर ती चढली तर तिथला रक्तपुरवठा दाबला जातो आणि नवी जखम तयार होते. हा पट्टा रोज बदला. ओला झाला तर लगेच.

आता वास. बूट काढल्यावर फ्रॉगच्या बाजूच्या दोन्ही खाचा आणि मधली भेग बघा. काळा, चिकट, कुजका वास असलेला थर असेल तर तो थ्रश आहे. याचे जंतू हवा नसलेल्या जागी वाढतात, आणि आठवडाभर न काढलेल्या बुटात ओल, लीद आणि ऊब यांच्या जोडीला हवेचा अभावही मिळतो. मधली भेग विशेष नीट बघा. निरोगी फ्रॉगमध्ये तिथे अंगठा टेकेल असा उथळ खळगा असतो. तिथे अरुंद चीर दिसली, त्यात कापसाची काडी एक सेंटिमीटरहून जास्त आत गेली आणि घोडीने पाय झटकला, तर संसर्ग आत जिवंत भागापर्यंत पोचलाय असं समजा. अशी घोडी टाच टेकायचं टाळते आणि पंजावर, म्हणजे खुराच्या पुढच्या भागावर, चालते. लॅमिनायटिसच्या खुराला पंजावरचा भार हीच सर्वांत वाईट गोष्ट. म्हणून थ्रशला किरकोळ समजू नका.

उपचार रोज एकदा. साध्या पाण्याने आणि नरम ब्रशने खाचा धुवा, फडक्याने पूर्ण कोरड्या करा. उथळ खाचांत पोव्हिडोन आयोडीनचं द्रावण ब्रशने लावा. मधली चीर खोल असेल तर गॉजची बोटभर रुंद पट्टी त्याच द्रावणात भिजवून चिरेत हलकेच बसवा. ठोसून भरू नका. रोज जुनी पट्टी काढून नवी. बरेच जण साखर आणि आयोडीनची लापशी करून भरतात. ती गुणकारी आहे, पण आपल्याकडच्या उघड्या तबेल्यात तिच्यावर मुंग्या येतात, आणि बुटात मुंग्या शिरलेली घोडी पाय आपटून आपटून स्वतःला इजा करून घेते. मोरचूद, फॉर्मॅलिन, ब्लीच, रोज हायड्रोजन पेरॉक्साइड, जळकं ऑइल यांतलं काहीही चिरेत घालू नका. हे जंतूंबरोबर जिवंत पेशीही जाळतात, वर कडक खपली धरते आणि तिच्याखाली कुजणं चालूच राहतं. फ्रॉगचे लोंबणारे मेलेले तुकडे नालबंदाकडून साफ करून घ्या, पण तळवा सुरीने कोरू देऊ नका. लॅमिनायटिसच्या घोडीच्या तळव्याचा प्रत्येक मिलिमीटर मोलाचा असतो.

उजवा बूट का फिरतो, याचं उत्तर बहुतेक तुमच्या पत्रातच आहे. बूट मार्चमध्ये घेतले. तेव्हा खूर वाढलेला होता, पंजा पुढे आलेला होता. त्यानंतर नालबंदाने पंजा मागे घेत घेत खूर छाटला असेल, म्हणजे खूर लहान झाला आणि बूट तेवढाच राहिला. खात्री करायची सोपी पद्धत आहे. बूट घालून खुराच्या पुढच्या भिंतीवर आणि बुटाच्या पुढच्या काठावर खडूने एक सरळ उभी रेघ ओढा. मऊ, सपाट जागेवर घोडीला पन्नास पावलं सावकाश चालवा. रेघेचे दोन भाग किती सरकले ते बघा. थोडा फरक चालतो. बोटभर सरकली असेल तर बूट मोठा आहे किंवा खूर एका बाजूला जास्त वाढलाय. पाठीमागून बघा: एक टाच दुसरीपेक्षा उंच दिसते का? बाहेरची भिंत फुलून पसरली आहे का? असेल तर आधी छाटणी, मग नवं माप.

माप छाटणीनंतर दोन-तीन दिवसांच्या आतच घ्या, स्टीलच्या टेपने, मिलिमीटरमध्ये. शिंप्याची टेप तळव्याच्या खोलगट भागावर वाकते आणि माप वाढून येतं. रुंदी म्हणजे तळाच्या सगळ्यात रुंद जागी एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत. लांबी म्हणजे पंजाच्या टोकापासून टाचेची भिंत जमिनीला टेकते तिथपर्यंत. त्याच्या मागचे मऊ गोल उंचवटे लांबीत धरायचे नाहीत. माप चुकतं ते बहुतेक वेळा इथेच. दोन्ही पायांचं वेगळं माप घ्या. एका घोडीच्या दोन पुढच्या खुरांत ५ मिलिमीटरचा फरक असणं अगदी साधं आहे, आणि तेव्हा दोन वेगवेगळ्या मापांचे बूट घ्यावे लागतात. मारवाडी आणि काठेवाडी घोड्यांचे खूर बरेचदा उभे आणि अरुंद असतात, तर बाहेरून येणारे बूट गोल, पसरट खुराच्या अंदाजाने केलेले असतात. रुंदी लांबीपेक्षा बरीच कमी आली तर ‘स्लिम’ प्रकार मागा. कॅव्हॅलोसारख्या कंपन्या एकाच मापात साधा आणि स्लिम असे दोन्ही काढतात. नवे बूट येईपर्यंत सैल बुटासाठी खुराच्या भिंतीवर कापडी चिकटपट्टीचे दोन-तीन वेढे देऊन पोकळी भरा. त्यानेही हलत असेल तर फोमचा पट्टाच बरा.

मागवताना आणखी एक पाहा. स्वारीसाठीचे बूट आणि आजारी खुरासाठीचे बूट वेगळे असतात. स्वारीचे बूट घट्ट बसणारे, पातळ तळाचे, काही तासांसाठी बनवलेले. इझीबूट क्लाउडसारखे उपचाराचे बूट जाड गादीचे, कडा उतरत्या, मऊ कॉलरचे, आणि त्यावर स्वारी करायची नसते. तुमच्या घोडीला आत्ता दुसरा प्रकार हवा. पंजाची कड उतरती असली की पाय उचलताना पंजावर ताण कमी येतो. परवडत असेल तर दोन जोड घ्या. एक पायात, एक वाळत. पावसाळ्यात ओला बूट एका रात्रीत आतून वाळत नाही आणि दुसऱ्या दिवशी तोच पुन्हा चढवला जातो. वास येण्यामागचं मोठं कारण हे असतं.

टाच का सोलली हेही वाचता येतं. केस आधी उलट्या दिशेने विस्कटतात, मग तुटून आखूड होतात, मग कातडी गुलाबी होते, आणि शेवटी जखम. रोज बूट काढणारा माणूस पहिल्याच पायरीवर हे पकडतो. मागच्या उंचवट्यांवर घासलं असेल तर खूर बुटात पूर्ण बसलेला नसतो, पुढे जागा राहते आणि प्रत्येक पावलाला टाच वरखाली होते. समोर, केसांच्या कडेवर घासलं असेल तर बूट लहान आहे किंवा वरचा पट्टा फार आवळलाय. एकाच बाजूला घासलं असेल तर बूट फिरतोय. सगळीकडे थोडंथोडं घासलं असेल तर आत वाळूचे कण गेलेत. तुमच्या घोडीच्या बाबतीत आठवडाभराची ओल आहेच. ओली कातडी मऊ पडते, आणि मऊ कातडी सोलायला फार वेळ लागत नाही.

बूट चढवण्याचीही पद्धत आहे. गादी आत सपाट बसली आहे, दुमडलेली नाही, हे बोटाने चाचपून पाहा. पंजा आधी आत सरकवा आणि मग टाच. पाय खाली ठेवून घोडीला त्यावर भार देऊ द्या, तेव्हाच खूर तळाला टेकतो. पट्टे त्यानंतर लावा, पाय उचललेला असताना नाही. वरच्या पट्ट्याखाली एक बोट सहज गेलं पाहिजे. दहा मिनिटं चालवून पुन्हा तपासा. वेल्क्रोत गवत-केस अडकले की पकड जाते. जुना कंगवा त्यासाठी ठेवून द्या.

रोजचा क्रम असा ठेवा. सकाळी बूट काढा, खूर ब्रशने स्वच्छ करा, टाच आणि केसांची कड बघा, खाचांत आयोडीन लावा आणि मऊ जागेवर दोन तास खूर उघडे वाळू द्या. मग वाळलेल्या बुटात एक-दोन चमचे बुरशीनाशक पावडर भुरभुरवून चढवा. जास्त टाकली तर घामात तिचा चिखल होऊन गोळे होतात आणि तेच टोचतात. संध्याकाळी पुन्हा काढा, पाहा, आणि रात्रीचं ठरवा.

रात्रीचं सगळ्यात चांगलं उत्तर म्हणजे वाळूचं ठाण. घोडी पाय टेकेल तसा वाळूचा आकार होतो आणि तळव्याला बुटासारखाच आधार मिळतो. १२ बाय १२ फुटांच्या ठाणात ६ इंचांचा थर म्हणजे ७२ घनफूट, पाऊण ब्राससुद्धा नाही. धुतलेली, भरड, नदीची वाळू घ्या. क्रश सँड घेऊ नका, तिचे कण धारदार असतात आणि भुकटीमुळे ओल लागताच ती दगडासारखी बसते. वरून पावसाचं पाणी येत नाही ना आणि खालून ओल चढत नाही ना, हे आधी बघा. लीद आणि ओली वाळू रोज काढा. चारा वाळूवर टाकू नका, गव्हाणीत किंवा टोपलीत द्या. वाळू पोटात साठून पोटशूळ होतो. असं ठाण झालं की रात्रभर बूट काढून ठेवता येतील. पहिल्या रात्री तासाभराने पाहा. ती शांत उभी असेल, आलटून पालटून पाय उचलत नसेल तर सकाळपर्यंत ठेवा. अस्वस्थ असेल तर बूट परत चढवा आणि रोज तास-दीड तासाने वेळ वाढवत न्या.

बूट रात्री काढण्याचा आणखी एक फायदा. पुढचे पाय दुमडून बसलेल्या घोडीच्या कोपराला बुटाची मागची कड किंवा बकल रुततं आणि तिथे पाण्याची गाठ धरते. हात फिरवून दोन्ही कोपरं रोज चाचपा. पुढच्या पायाला दावं बांधायची सवय असेल तर ती बंद करा. दावं नेमकं बुटाच्या कॉलरवर बसतं आणि दोन्ही मिळून कातडी कापतात. मोहरकीनेच, म्हणजे तोंडावरच्या दोरीनेच, बांधा. मागे बूट नाहीत, तेव्हा पिछाडीला, म्हणजे मागच्या पायांच्या दाव्याला, हरकत नाही, पण दुखणाऱ्या घोडीला बसा-उठायला मोकळीक देणारं ठाण असेल तर तीही नको.

पावसात घोडीला बाहेर नेऊन आणलं की बूट लगेच काढून त्यातलं पाणी ओता. तळाला भोकं असलेल्या बुटांतून पाणी जातं, पण गादी स्पंजासारखी भिजलेली राहते. पाण्यात भिजत राहिलेला तळवा मऊ होतो आणि अंगठ्याने दाबला तर दबतो. तसा तो दबत असेल तर दगडाचा साधा टोकही आत गळू तयार करतो. चिखलाच्या दिवसांत बाहेर काढण्याची गरजच काय, हाही विचार करा. या आजारात विश्रांती हाच उपचाराचा भाग आहे. सुती मोजे घातले तर ते ओल धरतात. घालायचेच तर रोज धुतलेले, कोरडे.

गादी बुटाइतकीच महत्त्वाची आहे आणि ती बुटाच्या आधी संपते. रोजच्या वापरात ईव्हीएची गादी दोन ते चार आठवड्यांत बसते. बाहेर काढून सपाट फरशीवर ठेवा आणि पंजाखालची आणि टाचेखालची जाडी बघा. १२ मिलिमीटरची गादी पंजाखाली ८ वर आली असेल तर ती उलट काम करते आहे: टाच वर, पंजा खाली. बदला. जुन्या गादीवर उमटलेला ठसा मात्र नालबंदाला दाखवा, घोडी भार कुठे देते ते त्यात स्पष्ट दिसतं.

छाटणी दर तीन ते चार आठवड्यांनी. खुराची भिंत महिन्याला साधारण ८ ते १० मिलिमीटर वाढते, आणि बुटात ती झिजत नाही. दीड-दोन महिने थांबलात तर पंजा पुन्हा पुढे येतो, प्रत्येक पावलाला भिंत हाडापासून ओढली जाते, आणि बूटही लहान पडतो. पंजाकडची भिंत वरपासून खालपर्यंत नवी यायला ९ ते १२ महिने लागतात. मार्चचा आजार म्हणजे पुढच्या वर्षाच्या सुरुवातीपर्यंत हा क्रम चालणार असं धरून चला. नालबंदाला एक्स-रे दाखवा. पंजा किती मागे घ्यायचा आणि टाच किती ठेवायची हे त्यावरून ठरतं, डोळ्यांच्या अंदाजाने नाही.

पत्रात तुम्ही खाण्याबद्दल काहीच लिहिलेलं नाही, आणि मला सगळ्यात जास्त काळजी त्याची वाटते. तुमच्या भागात उसाचे वाढे सहज मिळतात. ते बंद करा. गूळ बंद, कोंडा बंद, हरभरा-मक्याची चंदी बंद, पावसाळ्यातलं कोवळं हिरवं गवतही सध्या बंद. बहुतेक लॅमिनायटिस रक्तातल्या वाढलेल्या इन्सुलिनमुळे होतो, आणि साखर-पिष्ट चालू असेल तर जगातला कुठलाही बूट खूर वाचवू शकत नाही. पक्व, वाळलेलं गवत वजनाच्या दीड टक्का, म्हणजे तुमच्या घोडीला दिवसाला साडेपाच ते सहा किलो, चार वाटण्यांत द्या. ते आधी अर्धा ते एक तास साध्या पाण्यात भिजवून पाणी फेकून द्या, साखर बरीच निघून जाते. भिजवलेलं गवत दमट हवेत लवकर आंबतं, म्हणून एका वेळचंच भिजवा. उपाशी मात्र ठेवू नका, त्याने वेगळेच आजार उद्भवतात. डॉक्टरांना रक्तातल्या इन्सुलिनची तपासणी करायला सांगा, आणि खनिज मिश्रण कोणतं द्यायचं तेही विचारून घ्या.

बुटातून काढलेला खूर नेहमीच गरम लागतो. त्यावरून घाबरू नका आणि निश्चिंतही होऊ नका. अर्धा तास उघडा ठेवून मग हात लावा. त्याहून भरवशाची खूण म्हणजे नाडी. खुराच्या वरच्या पहिल्या मोठ्या सांध्याच्या मागे, आतून आणि बाहेरून, दोन बोटं हलकी टेकवा. निरोगी पायात ही नाडी शोधावी लागते. बोटाखाली ती ठणठण उडत असेल तर आत काहीतरी पेटलंय. दोन्ही पायांत असेल तर लॅमिनायटिस उलटला असण्याची शक्यता जास्त. एकाच पायात असेल आणि घोडी अचानक तीन पायांवर आली असेल तर बहुधा गळू. दोन्ही वेळा डॉक्टर त्याच दिवशी हवेत. फ्रॉगच्या टोकापुढे तळवा फुगीर दिसला, केसांच्या कडेला खळगा पडला किंवा तिथून पाणी यायला लागलं, तर रात्र असली तरी थांबू नका. आणि घरातलं डायक्लोफेनॅक देऊ नका. गिधाडांच्या मृत्यूंमुळे जनावरांसाठी ते भारतात २००६ पासून बंद आहे. शिवाय कोणतंही वेदनाशामक डॉक्टरांना न विचारता दिलं की दुखणं झाकलं जातं आणि घोडी नको तितकी चालते.

बूट धुण्याचं फार काही नाही. साधा साबण, ब्रश, भरपूर पाणी, सावलीत उलटे टांगून वाळवणं. उन्हात ठेवले तर चिकटवलेले भाग सुटतात. आठवड्यातून एकदा स्क्रू आणि बकल तपासा.

बूट कधी सुटतील, हे विचारलं नाहीत, पण मनात असेलच. वेदनाशामकाशिवाय दोन आठवडे नाडी शांत, वाळूवर अनवाणी वळताना पाऊल आखडत नाही, आणि एक्स-रेत तळव्याची जाडी १५ मिलिमीटरच्या आसपास आली, असं तिन्ही जुळलं की डॉक्टरांशी बोलून दिवसाचे तास कमी करायला लागा. पहिल्या आठवड्यात मऊ, सपाट मातीवर रोज वीस मिनिटं अनवाणी. दुसऱ्या दिवशी सकाळी पाऊल आणि नाडी तशीच असेल तर वेळ वाढवा, नसेल तर आठवडाभर मागे जा. खडीच्या रस्त्यावर आणि फरशीवर बूट सर्वांत शेवटी सुटतात. सुटल्यावर ते धुऊन, पूर्ण वाळवून, गाद्या काढून कोरड्या जागी ठेवून द्या. पुढे कधी खुरात गळू झालं आणि पोटीस बांधायची वेळ आली, तर ती जागेवर धरून ठेवायला हेच बूट लागतील.